प्राइड आणि मामाची अक्षत

ता. २ मे १९५६, पणदरे

एका शब्दानं डोकं उठवलंय! प्राइड. गुरुजींनी दिलेली डिक्शनरी म्हणते — अभिमान. त्याच ओळीत पुढे — गर्व, ताठा. आता अभिमान चांगला आणि ताठा वाईट, हे शेंबड्या पोरालाही कळतं. इंग्रजांनी दोन्ही एकाच पोत्यात का भरलं?

पंधरवड्यावर लग्न आलंय. नवरा इंदापुरात हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. त्याच्यापुढे अडाणी ठरायचं नाही, म्हणून हा खटाटोप. माझं हे काय मग — अभिमान की ताठा?

ता. ४ मे

गुरुजींना विचारलं. हसले. "कौसल्या, सिंहांच्या कळपालाही प्राइडच म्हणतात. शिकार सिंहिणी करतात, पहिला घास सिंहाचा."

म्हणजे आमच्या घरासारखंच!

ता. ५ मे

घरात भडका उडालाय. मामाकडे लग्नाची अक्षत घेऊन घरच्या माणसानं जायचं असतं. तात्यांनी मामांच्या गावी, निरवांगीला, गेणबा न्हाव्याला पाठवलं! गावातली बोलावणी तोच करतो हे खरं. पण सख्ख्या मामाला? बोहल्यावर माझ्या पाठीशी कोण उभं राहणार? मामांनी अक्षत परत पाठवली. गेणबा सांगत होता, "सावळारामआबा म्हनलं, मी काय गावजेवनाचा पाव्हना हाय?"

दुखणं जुनंच. दोन वर्षांमागं थोरल्या भावाच्या, भीमादादाच्या लग्नात मामांच्या आधी सोसायटीच्या चेअरमनला फेटा बांधला. मामा बोडक्या डोक्यानं उठून गेले. तेव्हापासून येणंजाणं बंद. तात्या म्हणतात, "भरल्या मांडवातनं त्यो उठला, तवा माजी मान खाली गेली. त्याच्या दारात मी न्हाय जायाचा!"

डिक्शनरी घेऊन बसले. तात्यांचा स्वाभिमान आणि मामांचा ताठा? की उलटं? मामांच्या बाजूनं पाहिलं की तात्या ताठ दिसतात, तात्यांच्या बाजूनं पाहिलं की मामा. आईला विचारलं. "मला काय इचारतीस बाय? मी हितली सून, तितली लेक." भाकरी थापत राहिली.

ता. ७ मे

मामा पाठीशी नसले तर मी बोहल्यावर चढणार नाही — बोलून बसले! आता मागे कशी फिरू?

ता. ८ मे

अक्षत घेऊन मीच निघाले. भीमादादा सोबत. नवरीनं आपल्याच लग्नाचं बोलावणं करायचं — गाव तोंडात बोट घालेल. घालू दे!

आईनंही लुगडं बदललं, शेंगदाण्याच्या लाडवांचं गठुडं बांधलं. तात्या म्हणाले, "तू कुठं? घर कोन बघनार?" तिनं गठुडं माझ्या हातात दिलं. त्या फेट्यापायी दोन वर्षं माहेर पाहिलेलं नाही तिनं. मी तिची बाजू घ्यायला हवी होती. निघायच्या घाईत सुचलंच नाही.

ता. ९ मे

निरवांगीहून परतलो. मामांनी आधी तोंड फिरवलं. मग मी अक्षत पुढे धरली तशी डोळे पुसले. "लेकराच्या हातनं आली, आता मागं कशी धाडू? येतो. पर तुजा बा येशीपतूर सामोरा आला पायजे."

तात्यांना सांगितलं. म्हणाले, "येशीपतूर जाईन. पुढं एक पाऊल न्हाय!"

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. आईनं मात्र एवढंच विचारलं, "माजा दादा वाळलाय का गं?"

ता. १४ मे

मामा आले! वेशीत दोघं समोरासमोर, आणि दोघंही बघतायत बैलांकडे. शेवटी तात्या म्हणाले, "पाऊस कसा हाय तिकडं?" ऐन वैशाखात! मामा म्हणाले, "बरा हाय."

झालं. मिटलं! आता ओसरीवर एकाच चंचीतली तंबाखू खातायत. एवढ्यासाठी दोन वर्षं? हसावं की रडावं कळेना.

ता. १५ मे

आज हळद. आणि आई घरात नाही! शेजारी रंगूबाईकडे जाऊन बसलीय. म्हणते, "ज्याला त्याला मानानं बोलावनं झालं. माज्या लेकीच्या लग्नाला मला कुनी बोलावलं? माजी अक्षत कुठं हाय?"

बायका आधी हसल्या. मग हळदीची वाटी खाली ठेवली. तात्या आणि मामा दोघंही रंगूबाईच्या दारात उभे आहेत, आधी कुणी बोलायचं ते ठरेना. वाटलेली हळद वाळत चाललीय, पाहुणे खोळंबलेत, माझ्या लग्नाचा तमाशा व्हायची वेळ आलीय — आणि मला मात्र फार बरं वाटतंय!