रुक्माबाईच्या खानावळीचं काय झालं

भिलाई, सेक्टर दोन
गुरुवार, १६ जून १९६६

प्रिय बाबाराव,

तू सोडून गेलास ती भिलाई आता शोधून सापडणार नाही, म्हणून आधी तिचंच सांगतो. सत्तावन्न साली आपण दोघं दुर्ग स्टेशनवर उतरलो आणि गिट्टीच्या ट्रकमध्ये उभं राहून इकडे आलो, तो रस्ता आता डांबरी झाला आहे आणि त्यावरून बस धावते. आपली टिनाची चाळ होती तिथे मुलींची शाळा आहे. ज्या तळ्यावर आपण कपडे धुवायचो ते अर्धं बुजवलं, उरलेल्या अर्ध्यात म्हशी बसतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या पिवळ्या भिंतींचे क्वार्टर, सारखी फाटकं. पहिल्या वर्षी मी स्वतःचं घर चुकून दुसऱ्याच्या अंगणात शिरलो होतो आणि तिथली बंगाली बाई घाबरून नवऱ्याला हाका मारू लागली होती.

जी. ई. रोडवरचा सरदारजीचा ढाबा उठला. पॉवर हाउसजवळ त्याने पक्कं हॉटेल टाकलं आहे, भिंतीला आरसे, टेबलावर काच. मागच्या दिवाळीत मी गेलो होतो. डाळ तशीच आहे रे, पण खाटा नाहीत, आणि पाय दुमडून बसता येत नाही म्हणून की काय, दोन रोट्यांनंतर भूकच संपली. म्हातारा आता दुकानात येत नाही, जावई बसतो. मी त्याला म्हटलं, आम्ही तुमच्या सासऱ्याच्या हातची डाळ खाल्ली आहे, त्यावर त्याने हिंदीत विचारलं की पार्सल हवं का. नायर पालघाटला परत गेला. त्याच्या चहाच्या दुकानाच्या जागी सायकलींचं स्टँड आहे. ड्यूटी सुटल्यावर तिथे सात भाषांमध्ये भांडणं व्हायची आणि नायर कोणतीच न कळल्यासारखा चहा ओतत राहायचा, ते तुला आठवत असेल.

माझं म्हणशील तर साठ साली टाउनशिप ऑफिसातली नोकरी कायम झाली, हे तुला कळवलं होतंच. कमलिनी बरी आहे. थोरली पाच वर्षांची आहे, पण बोलते चौथीतल्यासारखी. धाकटी जया घरातसुद्धा हिंदीच बोलते. मी मराठीत हाक मारली की ती हिंदीत उत्तर देते, आणि कमलिनी म्हणते, गावाला नेलं तर आजीशी कशी बोलणार ही.

आणि रुक्माबाईची खानावळ. तिच्याविषयी मी दर पत्रात दोन ओळी लिहीत आलो. आज जरा जास्त लिहायचं आहे.

खानावळ म्हणजे होतं तरी काय! चार बांबू, वर टिनाचे दोन पत्रे, बाजूला तट्ट्या आणि मातीची चूल. नवरा बळीराम आमगावकडून मजुरीला आला आणि पहिल्याच उन्हाळ्यात हगवणीने गेला. तेराव्यानंतर सगळे तिला म्हणाले, गावाकडे जा. ती म्हणाली, "गावाले जाऊन काय करू? तिथी भावजया भाकर मोजून देतेत. इथी मीच देईन लोकाईले." आणि तिने चूल मांडली. भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, रविवारी कढी-गोळे. आपल्यासारखी भंडाऱ्याकडची वीस-बावीस माणसं पोत्यांवर ओळीने बसायची. ती वाढताना कुणाच्या ताटाकडे बघत नसे, तोंडाकडे बघे. घरून पत्र आलेलं नसलं की तिला कळायचं. मग ती काही न विचारता ताटात एक गोळा जास्त टाकायची.

अठ्ठावनच्या पावसाळ्यात तुला मोतीझिऱ्याचा ताप भरला. एकवीस दिवस तुला शुद्ध नव्हती, त्यामुळे तुला जे ठाऊक आहे ते माझ्याकडून ऐकलेलं. तिने तुला खानावळीच्या मागच्या अंगाला, तिच्या स्वतःच्या खाटेवर नेऊन टाकलं आणि ती जमिनीवर निजली. तांदळाची पेज गाळून चमच्याने घालायची. लोक बोलले. एकट्या बाईच्या घरात परका माणूस, असंच बोलले. तिने ऐकून घेतलं आणि पेज ढवळत राहिली. आठव्या दिवशी तुझा ताप चढला तेव्हा मी भिऊन म्हटलं, घरी तार करू का. ती म्हणाली, "तार कावून? जित्ता हाये तो. लेकराच्या मायले कायले घोर लावता?" तेव्हा तुझा गुलाब नऊ वर्षांचा होता. हे सगळं तू विसरणार नाहीस, हे मला माहीत आहे. एकोणसाठच्या कार्तिकात राउरकेल्याची गाडी सुटताना दुर्ग स्टेशनवर तू माझा हात धरून म्हणालास, "मारोती, बाईकडे ध्यान ठेवजो." मी म्हटलं, ठेवतो.

बाबाराव, आता पुढचं.

साठ सालच्या चैत्रात आमच्या ऑफिसात कागद आला. आपल्या चाळीपासून नाल्यापर्यंतची सगळी टपऱ्यांची ओळ रस्त्यासाठी काढायची होती. त्या बदल्यात नव्या बाजारात ओटे मिळणार होते, पण एप्रिलच्या तीस तारखेच्या आत जो अर्ज करील त्यालाच. नोटीस ऑफिसच्या फळ्यावर लावायची होती. ती मीच लावली, माझ्या हाताने, डिंकाने. एक इंग्रजीत, एक हिंदीत. ऑफिस त्या ओळीपासून दोन कोसांवर, आणि रुक्माबाईला अक्षरओळख नाही. बाकीच्यांनी कुठून कुठून ऐकलं, अकरा जणांनी अर्ज केले. सरदारजीनेही केला. तिच्याकडे येणारे आपले लोक तोवर बरेचसे क्वार्टरमध्ये गेले होते. ज्याला ते माहीत होतं असा तिच्या ताटावर बसणारा एकच माणूस उरला होता.

कोरा अर्ज नऊ दिवस माझ्या खिशात होता. नाव लिहायचं आणि तिचा अंगठा घ्यायचा, एवढंच काम. दोन्ही वेळा मी तिच्यासमोर जेवत होतो. साहेब एकदा हसत म्हणाले होते, "मारोतराव, तुम्ही तिथेच जेवता ना? आपली माणसं यादीत घुसवू नका, वर उत्तर मला द्यावं लागतं." माझे कायम होण्याचे कागद त्यांच्याच टेबलावर होते. ही भीती मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण साहेबांनी मनाई केली नव्हती, नुसती थट्टा केली होती. खरं कारण त्याहून हलकं आहे. मला क्वार्टर मिळालं होतं, वैशाखात लग्न ठरलं होतं. महिन्याभराने मला त्या खानावळीची गरज उरणार नव्हती. रोज वाटायचं, उद्या सांगू. तीस तारीख गेली त्या दिवशी मला हलकं वाटलं, हेही तुला सांगितलं पाहिजे. आता सांगण्यासारखं काही राहिलं नाही, असं वाटलं.

ओळ पाडायची तारीख मला ठाऊक होती. लग्नाची रजा मी त्या तारखेच्या पुढे आठवडाभर वाढवून घेतली. परत आलो तेव्हा तिथे रोलर फिरत होता. मागाहून कुणीतरी सांगितलं, की पत्रे काढायला माणसं आली तेव्हा ती एवढंच विचारत होती, "मारोतराव कुठी गेले? त्याईले बलावा, ते ऑफिसातले हायेत." चुलीवर डाळ शिजत होती. त्यांनी ती शिजू दिली, असं म्हणतात. मग चूल मोडली.

त्याच वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, मी कमलिनीला नवा बाजार दाखवायला घेऊन गेलो. अर्धं बांधकाम व्हायचं होतं. विटा वाहणाऱ्या रेजा बायकांची रांग चालली होती, आणि तिच्यात रुक्माबाई होती. तिने डोक्यावरचं टोपलं उतरवलं, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवले का मारोतराव?" मग कमलिनीकडे बघून हसली. "ह्या मालकीण का? बरं झालं बाई, आता घरचं खातेत." मी कमलिनीचा हात धरला आणि चालू लागलो. कोण होती, असं तिने विचारलं तेव्हा म्हटलं, असेल कुणी ओळखीची.

त्यानंतर तुझं पत्र आलं. नेहमीसारखं शेवटी विचारलं होतंस, रुक्माबाई कशी आहे? मी लिहिलं, बरी आहे, खानावळ जोरात चालू आहे. एकदा लिहिलं की पुढच्या वेळी तेच लिहावं लागतं. एका दिवाळीला तर मी तुला कढी-गोळ्यांचं वर्णन लिहून पाठवलं. ते लिहिताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, बाबाराव. सहा वर्षं मी तुला एका रोलर फिरलेल्या जागेची खुशाली कळवत होतो.

गेल्या महिन्यात तुझी दोन पत्रं आली, त्यानंतर मी तिला शोधायला निघालो. कुणी म्हणालं, ती जामुलला सिमेंटच्या कारखान्याकडे असते. तिथे मथुरा नावाची एक रेजा भेटली. तिने बोरसी गावाचं नाव सांगितलं. मागच्या रविवारी सायकलने गेलो. एका शेतकऱ्याच्या घरामागे तिची एक खोली आहे. चुन्याने तिची बोटं खाल्ली आहेत, उजव्या हाताची दोन तर मिटतच नाहीत. कणीक मळता येत नाही, टोपलं धरवत नाही. लोकांचे तांदूळ निवडून देते, त्यावर भागतं. केस सगळे पिकले. वय तुझ्या-माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त असेल, फार तर.

दाराबाहेरून हाक मारली तर तिने मला आवाजावरूनच ओळखलं. बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. शेजारची बाई डोकावली तर तिला कौतुकाने सांगू लागली, "हे आपले मारोतराव. लय सादा माणूस. आमची खानावळ तुटली तवा लग्नाले गेले होते, नाई तं त्याईनं तुटू देली नसती. त्याईले मालूम असतं तं पयले मले सांगतलं असतं." मी पाण्याचा गडू हातात धरून ऐकत होतो. सहा वर्षं ती हेच सगळ्यांना सांगत आली आहे. मग तिने तुझी चौकशी केली, तुझं पोट आता बरं असतं का म्हणून. मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. सांगायला गेलो होतो ते सांगितलं नाही आणि सायकल घेऊन परत आलो.

काल कमलिनीला सगळं सांगितलं. ती पोळ्या करत होती. तिने तवा उतरवून ठेवला. मग म्हणाली, "ती बाई मला आठवते. तुम्ही माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी पिचली. मला वाटलं, तुम्हाला तिची किळस आली असेल." एवढंच म्हणाली. आज सकाळी डब्यात भाजी होती, पोळी होती, पण नेहमीसारखी फाटकापर्यंत ती आली नाही.

तुझ्या पत्राचं उत्तर इतके दिवस का दिलं नाही, ते आता तुला कळलं असेल. तू लिहिलंस की गुलाबचं नाव दुर्गच्या कॉलेजात लागलं आहे, तीन जुलैला तू त्याला घेऊन येतोस, पहिलं जेवण रुक्माबाईकडे करायचं आणि त्याला तिच्याच खानावळीत लावून द्यायचं. ज्या हातांनी बापाला वाचवलं त्या हातांचं पोराने खावं, असं लिहिलंस. तू आलास की तिच्याकडे जाणारच, आणि ती तुला माझा मोठेपणा सांगेल. ते ऐकण्याआधी हे तुझ्यापर्यंत पोचलं पाहिजे. आणखी एक कारण आहे. येत्या रविवारी मी पुन्हा बोरसीला जाणार आहे आणि तिला सांगणार आहे, की मला माहीत होतं. मागच्या वेळी मी तिच्या दारातून परत फिरलो. हे पत्र पेटीत पडलं की तुला माहीत असेल, मग मला फिरता येणार नाही. त्यावर ती काय म्हणेल हे मला ठाऊक नाही. तिने मला माफ केलं तर ते मला जास्त जड जाईल, पण ते मी निवडायचं नाही. तीन तारखेला मी स्टेशनवर येईन. तू बोलला नाहीस तरी मी बरोबर चालेन. फक्त गुलाबची ट्रंक मला उचलू दे.

तुझाच म्हणवून घ्यायला आज संकोचणारा,
मारोती