करंगळीवरची सॅक

आई, उद्या सकाळी मी आणि माझी लेक हरसूलकडच्या डोंगरात चालायला निघतोय, तू लसींची पेटी घेऊन ज्या पाड्यांवर फिरायचीस तिकडेच. सगळं सामान पाठीवर घेऊन, वाटेत मुक्काम करत. तू तिला पाहिलंच नाहीस. ती आता कॉलेजात जाण्याच्या वयाची आहे, पण जात नाही. उन्हाळ्यात तिने घरातल्या गोळ्या घेतल्या होत्या. तिला जगायचं नव्हतं. वेळेवर कळलं म्हणून ती आहे. तेव्हापासून ती खोलीतून फारशी बाहेर येत नाही आणि मी तिच्या दाराबाहेर उभी राहून श्वास ऐकते. डॉक्टर झाले, नवससुद्धा बोलून झाले. मग गेल्या आठवड्यात तिने पहिल्यांदाच स्वतःहून काही मागितलं. "मम्मी, आजी चालायची तिथं जाऊ या का? पण ओझं नको. जड असलं तर मी अर्ध्यातच बसेन." तिचे बाबा म्हणाले, "घरात जिची इतकी काळजी, तिला डोंगरात कशी सांभाळशील?" तरीही मी निघायचं ठरवलं. दुसरा उपायही नाही.

आठवतं? मी लहान आहे, सुट्टीत तू मला पहिल्यांदाच पाड्यावर नेतेयस. माझी पिशवी तू करंगळीत अडकवून पाहतेस. करंगळीने उचलली जात नाही ती पिशवी चढावर न्यायची नाही, हा तुझा नियम. पिशवी जमिनीवरून हलत नाही. तू एकेक वस्तू बाहेर काढतेस आणि विचारतेस, "हे लागणार म्हणून घेतलंस, का भीती वाटते म्हणून?" दुसरा स्वेटर, बॅटरी, बिस्किटांचे पुडे, बाहुली. सगळी भीतीच निघते. मी रडते. तुझ्या औषधांच्या पिशवीला मात्र तू हात लावत नाहीस. "ती कितीही जड असली तरी येणार," म्हणतेस. बाहुली मी फ्रॉकमध्ये लपवून नेली. पाड्यावरची म्हातारी माझं पुढे आलेलं पोट बघून म्हणाली, "नर्सबाई, पोर लय सामान घेऊन आली, राहायलाच आली का काय?" तू रागावली नाहीस. परतताना बाहुली तुझ्या हातात होती.

आज दुपारभर आम्ही दोघींच्या सॅक भरल्या. मुठीत मावणारी जॅकेटं, भाड्याचा हलका तंबू, पुड्यांतून काढून एका पिशवीत ओतलेला शिधा. वजन वाचवायला मी टूथब्रशचे दांडे कापले तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, दातपण अर्धेच घासायचे का?" आणि हसली. ते हसू किती महिन्यांनी ऐकलं, आई. मी कात्री हातात धरून तशीच बसले. मग तिने आपली सॅक करंगळीत अडकवली, बोट लाल झालं पण सॅक उचलली. खाली ठेवून तिने दोन्ही सॅकचे सगळे कप्पे चाचपले.

"औषधं कुठंयत?"

"वजन होत होतं."

"गोळ्यांचं?"

मी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

"आजी औषधांशिवाय निघायची नाही, असं तूच सांगतेस ना." आणि मग अगदी हळू, "माझी भीती वाटते ना तुला?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायची ताकद नव्हती.

"मलापण वाटते," ती म्हणाली. "तरी घे. तुझा पाय मुरगळला तर मी काय देऊ तुला?"

भीतीने घेतलेलं सामान तू लगेच ओळखायचीस. भीतीने काढून ठेवलेल्या सामानाचं काय करायचं, ते सांगायच्या आत गेलीस. मी आतल्या खोलीत जाऊन कपाटाचं कुलूप उघडलं, औषधांची डबी आणली आणि तिच्यादेखत माझ्या सॅकमध्ये ठेवली. तिला बरं वाटलं असावं, कारण ती स्वयंपाकघरात जाऊन स्वतःहून जेवायला बसली. तिथून ताटाचा आवाज येतोय आणि मी इथे तुला लिहितेय. हा कागद बरोबर नेणार नाही, त्याचंही वजन होतं. एवढंच सांगायचं होतं की डबी आणताना मी तिच्यातल्या गोळ्यांच्या बहुतेक पट्ट्या काढून घेतल्या. त्या माझ्या कुर्त्याच्या खिशात आहेत, आणि हे मी तिला सांगितलेलं नाही.