भाऊजींची तीन महिन्यांची साखर

४ फेब्रु.
रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर ७.४. बिनसाखरेचा चहा, वर्गातल्या पोरांच्या वाढदिवसाची चॉकलेटं पर्समध्ये वितळतात, तरी ७.४. संध्याकाळी धाकटे दीर मोशीहून हजर, स्वतःचा रिपोर्ट घेऊन. ६.१. "वहिनी, आमी समदं खातो. तुमी वाचून वाचून आजारी पडता." समोर बसून चार जिलब्या. जमीन विकून आलेलं शहाणपण.

११ फेब्रु.
भाऊजींनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. रिपोर्ट लॅमिनेट करून घेतलाय. मार्कशीट कधी केली नसेल, करण्यासारखी नव्हतीच.

१६ फेब्रु.
डॉ.कडे. सहज भाऊजींचा विषय काढला. (सहज कसला, जळफळाट.) डॉ. म्हणाले, तांबड्या पेशी तीनेक महिने जगतात, त्यांना चिकटलेली साखर ही तपासणी मोजते. मग एकदम, "ते रक्तदान करतात का?" एक शिबिर सोडत नाहीत. भेट म्हणून हेल्मेट, बॅग, वर फोटो. डॉ. : रक्त गेलं की नव्या पेशी येतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, आकडा खोटाच कमी दिसू शकतो. उपाशीपोटी नि जेवणानंतरची बघा म्हणावं.
घरी येईपर्यंत हसत होते.

१७ फेब्रु.
भाऊजींना फोन. "तुमाला माझं चांगलं झालेलं बघवत न्हाई." ठेवला.
नाहीच बघवत.

२२ फेब्रु.
सुरेखाचा फोन, त्यांच्या बायकोचा. बूट चावून अंगठ्याला झालेली जखम महिना झाला भरत नाही. मोजा घालून लपवतात. पुढारी व्हायचंय ना, पांढरे बूट हवेत.
नंतर हसू आलं नाही.

१ मार्च
भाऊजींच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर. फ्लेक्सवर तोंड दुमजली. अक्षर चांगलं म्हणून फॉर्म भरायला मी. पहिले दाते तेच. मधुमेह? "न्हाई लिवा." मी 'हो' लिहिलं. पायाला जखम, तेही. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मोजा काढायला लावला नि परत पाठवलं.
पायासाठी लिहिलं की त्यांची जिरवायला, मला सांगता येत नाही.

२ मार्च
सुरेखा : काल जेवले नाहीत. दवाखान्यात चला म्हटलं तर, "वहिनींनी केलं ना हे? मग त्यांनाच बोलव." बोलावणं आहे की टोमणा, तिलाही कळत नाही.
चारला शाळा सुटली की साखरेचं मशीन घेऊन मोशीला. बोट पुढे करतील का...