घोडा आरसा पाहत नाही

काकाजी,

परवा घोड्यांचा मेळावा झाला. तुम्ही गेल्यापासून मी एकही मेळावा चुकवलेला नाही, एकदा तर तापाने फणफणत गेले होते. दरवेळी घरी आल्यावर वाटतं, कुणाला तरी सगळं सांगावं. पण मी तोंड उघडलं की मुलगी म्हणते, "आई, घोडे तेच, फोटो तेच, तू नवीन काय सांगून राह्यली?" म्हणून यंदा तुम्हाला सांगते. तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही, हा एक फायदा आहेच. शिवाय तुमच्याशी एक बोलणं राहून गेलंय, ते पंचवीस वर्षं राहिलंय, आणि परवा त्याची अशी काही तऱ्हा झाली की आता लिहिल्याशिवाय माझं जेवण पचायचं नाही.

तुम्हाला देवळीचं आपलं मैदान आठवत असेल. आता तिथे मंडप पडतो, सावंगीहून रक्तदानाची गाडी येते, डोळे तपासणारे डॉक्टर येतात, शाळेच्या पोरांना दप्तरं वाटतात. घोडे मात्र अजून लिंबाखालीच बांधतात. वरातीची घोडी, एखाद्या शेतकऱ्याने हौसेने पाळलेलं शिंगरू, आणि टांगेवाल्यांच्या घरचं एखादं उरलेलं जनावर. सकाळपासून खरारा चालतो, शेपट्यांना गोंडे बांधतात, आणि प्रत्येक जण मला हाक मारतो, "ताई, इकडं या, याचा एक काढा, आता मस्त कान केले यानं." मी तुमचा फुटाण्याचा डबा काढते. होय, तोच, झाकणाला पोचा आलेला. डबा खुळखुळला की घोडा कान टवकारतो, आणि कान पडलेल्या घोड्याचा फोटो काढायचा नाही हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. चारही खूर दिसले पाहिजेत, हेही. आणि वस्तुवाटपाचा फोटो काढताना घेणाऱ्याचा हात खाली पसरलेला दिसता कामा नये, दोघांनी वस्तू दोन्ही बाजूंनी धरलेली असावी, हेही. आजही दप्तर देणाऱ्या पाहुण्यांना मी सांगते, "साहेब, जरा खाली वाका, पोराच्या बरोबरीनं या." काही वाकतात. काहींचं पोट आड येतं.

तुमच्या दुकानात मी आले ती शिकायला नव्हे. बी.ए. झालं होतं, शिक्षिकेच्या नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता. फोटो हातात पडल्यावर मी तुम्हाला म्हटलं, माझा अर्धा चेहरा अंधारात गेलाय. माझी जीभ तेव्हापासूनच अशी. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "दिसते का तुले? मंग उद्या येजो." मला वाटलं, दुसरा फोटो काढून देणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला डार्करूममध्ये उभं केलंत आणि ट्रेमधला कागद चिमट्याने हलवायला लावलात. लाल दिव्याखाली एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा हळूहळू वर येत होता. मी चिमटा हलवायचा विसरले. नोकरीचा अर्ज तसाच राहिला आणि त्याचं मला एकदाही वाईट वाटलं नाही.

रंगीत रोल तेव्हा वर्ध्याच्या लॅबला जायचे, पण काळा-पांढरा आपण दुकानातच धुवायचो. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत, एक मळकट. मळकट बाजू खाली, कागदाकडे. एवढंच लक्षात ठेवायचं, आणि नेमकं तेवढंच मी विसरले. पुलगावकडचा तो वरातीच्या घोड्याचा मालक आठवतो? फोटो हातात घेतला आणि क्षणात परत केला. "हा माहा घोडा नाई," तो म्हणाला. "माह्या घोड्याचा डावा पाय पांढरा आहे. हा कोणाचा घोडा आणला तुमी?" मी निगेटिव्ह उलटी लावली होती. गंमत म्हणजे फोटोत तो स्वतः घोड्याशेजारीच फेटा बांधून उभा होता, त्याचाही चेहरा डावा-उजवा झाला होता, त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

आणि मग तुम्ही मला बोललात. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यातली एक माझ्या मावशीच्या शेजारची. "बी.ए. झाली ना तू? डावं-उजवं शिकवत नाईत का तिथं? माणूस आपलं तोंड आरशात पाहते, त्याले उलटंच बरोबर वाटते. घोडा आरसा पाहत नाई. अन् घोडेवाला घोड्याले पाहते." आज हे वाक्य मी दहा जणांना ऐकवते, कौतुकाने. त्या दिवशी मात्र कान तापले होते. मी पिशवी उचलली आणि घरी गेले. चार दिवस आले नाही. पाचव्या दिवशी तुम्ही सायकलवर आमच्या घरी आलात. ओट्यावर बसलात, माझ्या वडिलांशी विहिरीच्या पाण्याबद्दल बोललात, चहा घेतलात, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. निघताना सायकलचं स्टँड काढता काढता म्हणालात, "फिक्सर संपलं आहे. वर्ध्याहून आणा लागते. उद्या जाजो." यालाच तुमच्यात माफी मागणं म्हणत असावेत. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ते रसायन आणायला गेले.

त्याच वर्षी पहिला मेळावा झाला. खरं तर मेळावा म्हणायला तो नव्हताच. लग्नसराई संपली होती, घोडे नुसते उभे होते, आणि पोलिओ झालेल्या मुलांचं शिबिर गावात भरलं होतं. सेवाग्रामच्या रस्त्यावर ज्याचा टांगा चालायचा, त्या म्हाताऱ्याच्या मनात आलं की या पोरांना घोड्यावर फिरवावं. तो आपली घोडी घेऊन आला, मागोमाग बाकीचे आले. सात वर्षांची एक मुलगी होती, एका पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. तिला उचलून घोडीवर बसवलं तेव्हा तिने आधी भोकाड पसरलं आणि पुढच्या मिनिटाला ती अशी हसली की सगळं मैदान तिच्याकडे वळून पाहायला लागलं. मी डबा वाजवला. घोडीचे कान उभे राहिले. टांगेवाला लगाम धरून पोरीकडे वर पाहतोय, आणि तुम्ही बटण दाबलंत. एकच फोटो. दुसरा काढायला गेलात तेव्हा रोल संपला होता.

लगेच तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून तो फोटो मी एकटीने मोठा केला. तीन दिवस घालवले त्यावर. तुम्ही काळा चष्मा लावून दुकानात आलात, कागद खिडकीपाशी नेलात, दूर धरलात, जवळ धरलात. "हं," म्हणालात. "आता शिकली तू." माझ्या आयुष्यात मला बरेच सत्कार मिळाले, शाली तर कपाटात मावत नाहीत, पण त्या तीन शब्दांनी जे झालं ते पुन्हा कधी झालं नाही. तुम्ही स्वतः स्टुलावर चढून भिंतीवर खिळा ठोकलात. काकू खालून ओरडत होत्या की टाके अजून ओले आहेत.

महिनाभराने निगेटिव्ह पाकिटात भरताना मला दिसलं. बूट पोरीच्या उजव्या पायात होता. भिंतीवरच्या फोटोत तो डाव्या पायात होता. मी पुन्हा तेच केलं होतं. घोडी एकरंगी, एकही पाय पांढरा नाही, त्यामुळे टांगेवाल्यालाही कळलं नव्हतं. मी ते पाकीट बंद केलं, कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू. येणारा-जाणारा त्या फोटोपुढे थांबायचा आणि तुम्ही म्हणायचात, "काढला म्या, पण धुतला हिनं." मग कशी सांगणार? पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. तुमचा सगळ्यात चांगला फोटो मी बिघडवला आणि तो बिघडलेला आहे हे माहीत नसतानाच तुम्ही गेलात, ही गोष्ट मी एवढी वर्षं पोटात ठेवून जगले. रडत नव्हते, सुखात होते, पण ती होती.

यंदा टांगेवाल्याच्या मुलाने फोन केला. मेळाव्याची तो आता सगळी व्यवस्था पाहतो. म्हणाला, "ताई, यंदा दारावर तोच फोटो लावू. मोठा फ्लेक्स. अन् त्या फोटोतलीच पाहुणी बोलावली आहे." ती मुलगी आता सेवाग्रामच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, हे मला ऐकून माहीत होतं. तिला तिच्याच डोक्यावर दहा फुटी चुकीचा पाय दाखवायचा? मी सगळ्यात खालचा खण उघडला. पाकीट होतं. निगेटिव्ह स्कॅन केली, मळकट बाजू तीनदा तपासली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तुमचा फोटो सरळ छापला.

आणि सकाळी मैदानावर जो गोंधळ झाला! जो येतो तो म्हणतो, "ताई, फोटो उलटा छापला ना!" फुगेवाला म्हणतो, दप्तरं मोजणारे गुरुजी म्हणतात. टांगेवाल्याचा मुलगा तर हिरमुसला. "बाप्पा, असे नव्हते उभे आमचे बाबा. तिकडून होते. लहानपणापासून पाहून राह्यलो ना मी तुमच्या दुकानात." मी त्याला म्हटलं, हाच सरळ आहे. तो म्हणाला, "तुम्ही काऊन चिडता, चूक होते एखाद्या वेळी." काकाजी, मी हसू की रडू? अख्ख्या गावाला मीच उलटं पाहायला शिकवलं होतं.

तेवढ्यात ती आली. काठी टेकत, उजवा पाय टाकताना कमरेतून जरा झुकत. फ्लेक्सखाली थांबली. मी कॅमेरा गळ्यात तसाच सोडला आणि तिच्याजवळ गेले. पाठ केलेलं सगळं विसरले आणि एकदम म्हटलं, "दुकानातला फोटो चुकीचा होता. माझी चूक होती. तुझा पाय..."

"मले माहीत आहे ना," ती म्हणाली. "तवाच, दोन महिन्यानं, आईसोबत पाह्यला आली होती मी. म्या काकाजीले म्हटलं, हा माहा पाय नाई, माहा दुखते तो पाय इकडचा आहे."

"मग? काय म्हणाले ते?"

"चष्मा काढला, फोटोजवळ गेले, लय वेळ पाह्यलं. मंग खाली बसून माह्या कानात म्हणे, तुह्यावाला सरळ करून देतो. पण त्या ताईले सांगजो नको. मांगं एकडाव रागावलो तं चार दिवस आली नाई. आता गेली तं येनार नाई."

तिने पर्समधून पाकीट काढलं. त्यात वहीच्या पानाएवढा फोटो होता, कोपरे झिजलेले, काळा-पांढरा. सरळ. मागे शिसपेन्सिलीने तुमचं अक्षर, फक्त "उजवा पाय". म्हणजे मी दुकानात नसताना, नुकत्या उघडलेल्या डोळ्यांनी, तुम्ही तो खालचा खण उघडला होतात. निगेटिव्हचं पाकीट काढून पुन्हा जसंच्या तसं ठेवलं होतंत. आणि त्यानंतरही रोज त्या भिंतीसमोर बसून गिऱ्हाइकांना सांगत होतात, धुतला हिनं. मी तुम्हाला दुखवायला नको म्हणून गप्प, तुम्ही मला घालवायला नको म्हणून गप्प. दोघं एका दुकानात, एका फोटोखाली चहा पीत होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिने माझा हात धरला, मग म्हणाली, "चला, आता काढा एखादा. कान पाहून काढजा." टांगेवाल्याच्या घरच्या घोडीवर तिने बसायला नाही म्हटलं, पण लगाम धरून उभी राहिली, उजवी बाजू कॅमेऱ्याकडे करून. डबा मी टांगेवाल्याच्या मुलाच्या हातात दिला. छान आलाय फोटो. चारही खूर आहेत.

हे पत्र घडी करून फुटाण्याच्या डब्यात ठेवणार आहे, दुसरा पत्ता माझ्याजवळ नाही. सरळ फोटो आता दुकानाच्या दर्शनी काचेत लावलाय. काल भिंतीवरचा उलटा उतरवायला स्टुलावर चढले, तुमच्या खिळ्यापर्यंत हात नेला, आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की या भिंतीवर सरळ फोटो लावला तर घोडी रस्त्याकडे तोंड करून राहील, आणि उलट्यात ती तुमच्या खुर्चीकडे पाहते. खुर्ची अजून तिथेच आहे, मी तिच्यावर बसत नाही. माझ्या मुलीने विचारलं, आता हा काऊन ठेवला? मी तिला सांगितलं, खिळा गंजलाय, निघत नाही. खिळा चांगला आहे, काकाजी.