घाटात सुटलेला गिअर

मंगळवार, ११ नोव्हेंबर

घाटात गाडीनं हात टेकले! फर्दापूरला बकऱ्या उतरवल्या, येताना दुसऱ्या भरल्या, अन् अजिंठ्याच्या चढाला पहिल्याच वळणावर इंजिन नुसतं बोंबलायला लागलं. गाडी जागची हलंना. रेस दिली की आवाज वाढायचा, वेग नाही. पाय काढून पुन्हा हळू दाबला — जरा धरलं, पुन्हा सोडलं. मागं बकऱ्या ओरडतायत, त्यांच्या मागं ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. शेवटी एका टेम्पोवाल्यानं दोर लावून वर ओढलं. वर आल्यावर त्यानं वाकून आत बघितलं. "ताई, संगं कोणी माणूस नाय का?"

मग मी कोण?

बुधवार, १२ नोव्हेंबर

भारतदादाचं सकाळपासून एकच — "भंगारात दे. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स गेला म्हंजी गाडी गेली. लई झालं सत्ये आता. घरी बस."

घरी बस! डावा पाय पोलिओनं लहानपणीच नेला, तेव्हापासून हेच ऐकते. फुलंब्रीत पिकअप काय कमी आहेत? पण क्लच नसलेली ही एकच. ब्रेक अन् रेस, दोन्ही उजव्या पायाचं काम. म्हणून तर एवढी जुनी गाडी हौसेनं घेतली. आज अर्ध्या तालुक्याच्या बकऱ्या माझ्या गाडीतून बाजाराला जातात. एखादी आजारी पडली तर डॉक्टरकडंही मीच नेते. दादानं मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत नेलं, ते मी विसरलेली नाही. पण मी अजून कॅरिअरवरच बसलेली बरी, असं त्याला वाटतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शहरातल्या मोठ्या गॅरेजात गेले. हळूहळू, चढ टाळत. दादा सोबत. तिथला मॅनेजर सगळं दादाकडं बघून बोलला. "गिअरबॉक्स गेलाय साहेब. पूर्ण बदलावा लागेल."

मी विचारलं, "खोलून बघितला?"

"एवढ्या जुन्या गाडीचं खोलून काय बघायचं?" हेही दादालाच सांगितलं.

"चावी द्या," म्हणलं. येताना दादा तोंड फिरवून बसला. मीही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

विकणार नाही. नाही म्हणजे नाही!

रविवार, १६ नोव्हेंबर

आज मीच बघितलं. रानाकडच्या सपाट रस्त्यावर गाडी पुढं घेतली, मागं घेतली, पुन्हा पुढं. आमचे वडील, आबा, मेंढरं घेऊन बांधावर उभे. थोड्या वेळानं जवळ आले. "कुठं दुखतंय तिला?"

"तेच बघतीया आबा."

पुढं जायचा डी गिअर टाकला की लगेच ओढत नाही, जरा थांबून धक्का मारते. रिव्हर्सलाही तसंच. आता एकच गिअर खराब असता तर एकच घसरला असता ना? इथं सगळेच घसरतात. म्हणजे सगळ्यांना लागतं असं काहीतरी कमी पडतंय. तेलच असणार! इंजिन बंद केलं, गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढून बघितली.

पट्टी भरलेली. वरच्या खुणेपर्यंत.

लई चिडले. रडलेही. कुणी बघितलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

बकऱ्यांचा व्यापारी बासित म्हणला, शहरात रोशनगेटला कमरोद्दीन चाचा आहेत. तरुणपणी सौदीत ऑटोमॅटिक गाड्यांवरच काम केलेलं. गेले. एकटी.

चाचांनी गाडी एक चक्कर फिरवायला लावली. गरम झाल्यावर सपाट जागी उभी केली, लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवून पार्किंगला आणला. अन् इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढली. जेमतेम टोकाला ओल! "बंद इंजन पे तेल नीचे उतर आता बेटा. पट्टी झूठ बोलती."

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता, बघायची तऱ्हाच चुकली! चाचा खाली शिरले. रेडिएटरकडं जाणारा पाइप जोडापाशी पाझरत होता. मी उड्याच मारायची, पण चाचांनी तेल बोटावर घेऊन हुंगलं. "जल गया है थोडा. अंदर की प्लेटां गई हुंगी तो मैं बी कुछ नै कर सकता. गॅरंटी नै देता."

"खोला," म्हणलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

खालचं चेंबर खोललं. मी स्टुलावर बसून. दादाचा फोन आला, घेतला नाही.

आत लोखंडाचे तुकडे दिसले तर सगळं संपलं, हे चाचांनी आधीच सांगितलेलं. तळाच्या चुंबकावर काळा-करडा लगदा चिकटलेला. चाचांनी तो चिमटीत घेऊन चोळला. माझ्याही बोटावर दिला. मऊ. तव्याखालच्या काजळीसारखा. एकही टोचणारा कण नाही!

"बुढापा है, मौत नै," चाचा म्हणले. नवा पाइप, तेल गाळायची नवी जाळी, तेल नवं. तरी चढाला धरंल का, ते चढावरच कळणार.

रविवार, २३ नोव्हेंबर

घाट चढले! भरल्या गाडीनं! पहिल्या वळणाला आले. रेस दिली — अन् तिनं धरलं. दुसरं वळण, धरलं. वर गाडी थांबवून मी एवढ्या जोरात ओरडले की बकऱ्या घाबरल्या. पाइपाखाली हात फिरवून बघितला. कोरडा.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

संध्याकाळी दादानं गाडीभोवती चक्कर मारली. टायरला लाथ मारून बघितली. आत बसला, सीट मागं सरकवलं. मग म्हणला, "नीट झालीच हाय तर उद्यापास्नं मीच नेत जाईन. बाजाराचं मी बघतो. तू घरी बस."

भंगार होती तवा माझी, चालाय लागली की ह्याची!

"उतर," म्हणलं.

"माझ्या अंगणात उभी हाय गाडी. पटत नसंल तर बघ तुझं तू."

आबा ओट्यावर बसलेले. काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सिल्लोडात खोली बघितली. पुढं गाडी उभी राहते. घरमालकीण बानाबाई. तिनं विचारलं, "सोबत कोण?" म्हणलं, "कोणी नाही."

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी सामान भरलं. दादा दारातून बघत उभा. चावी फिरवली, अन् पलीकडचं दार उघडलं. आबा. खांद्यावर घोंगडी, काखेत मेंढीचं कोकरू. शेजारी बसले, दार ओढून घेतलं. दादाकडं बघितलंसुद्धा नाही.

"चल," म्हणले.