डिस्प्लेचा पीस

प्रिय धाकट्या,

टीव्ही उत्तम चालला आहे. ही खुशाली आधी कळवतो, कारण रविवारी फोनवर तू पहिला प्रश्न तोच विचारतोस. आवाज खणखणीत आहे, रंगही ठीक. उजव्या कोपऱ्यात दुकानाच्या जाहिरातीच्या पट्टीचा पुसट डाग आहे, पण चित्रात पांढरी भिंत आली तरच दिसतो. चाळीस वर्षं लोकांचे टीव्ही दुरुस्त केले, त्यामुळे मला तो पहिल्याच दिवशी दिसला. तुझ्या ताईला अजून दिसलेला नाही आणि मी दाखवलेला नाही.

टीव्ही आणल्याची हकीकत तुला तिने सांगितलीच असेल, पण ती तिच्या सोयीची. आता माझी ऐक. तिने मला चाकांच्या खुर्चीतून दुकानात नेलं. भिंतभर टीव्ही होते आणि सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. गोडबोल्या विक्रेत्याने दोन पर्याय दिले. एक खोक्यात बंद असलेला, कोरा, तीन वर्षांच्या वॉरंटीचा. दुसरा भिंतीवर चालू असलेला डिस्प्लेचा, निम्म्या किमतीत, वॉरंटी सहा महिने. ताईला कोराच घ्यायचा होता. त्या खोक्यावरून ती सारखा हात फिरवत होती. पण पैसे तू पाठवणार, म्हणून तिने तुला फोन लावला आणि दुकानातल्या गलक्यात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला. मी चार पावलांवर माशाकडे तोंड करून बसलो होतो. पाय गेले की माणसाचे कानही जातात, असा तुम्हा दोघांचा समज आहे.

तू म्हणालास, तीन वर्षांची वॉरंटी घेऊन करायचंय काय, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस का. डिस्प्लेचाच घे, बाबांना पुरेल.

ताईने स्पीकर बंद केला, पण उशिरा. मग माझ्यापुढे येऊन विचारलं की हा भिंतीवरचा चालेल ना. मी जन्मभर गिऱ्हाइकांना बजावत आलो की डिस्प्लेचा पीस फुकट मिळाला तरी घरी नेऊ नका, दुकानात तो रोज बारा-बारा तास भगभगीत उजेडात जळत असतो. मी म्हटलं, छान आहे, हाच घे. तिचा जीव भांड्यात पडला. विक्रेत्याने माझ्या पारखी नजरेचं कौतुक केलं.

घरी आल्यावर ती चहा टाकायला गेली तेव्हा मी रिमोटवर चार बटणं दाबली. ती ठरावीक क्रमाने दाबली की मेकॅनिक लोकांसाठीचं एक पान उघडतं आणि टीव्ही आजवर किती तास चालला ते तिथे दिसतं. अकरा हजार दोनशे तास. एवढे तास चालूनही त्याच्यासमोर एक माणूस धड मांडी घालून बसला नव्हता. तेव्हापासून रोज मी तो आकडा बघतो. तो वाढलेला दिसला की मला बरं वाटतं.

तू वाईट नाहीस. तू माझ्यावर गेलास, एवढंच. तुझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली होती, आतल्या खोलीत स्वतःचा टीव्ही. माझ्या दुकानात एका शिंप्याचा संच धूळ खात पडला होता. दुरुस्तीला टाकून तो माणूस परत फिरकलाच नाही. त्याची पिक्चर ट्यूब संपत आली होती. मी तो घरी आणला आणि बाहेरच्या खोलीत बसून त्याला बूस्टर लावला. बूस्टरने मरायला टेकलेली ट्यूब आणखी सहा महिने ओढते. तू तेव्हा कॉलेजात होतास, बॅटरी धरून माझ्याशेजारी बसला होतास. तू विचारलंस, हा टिकेल किती. मी स्क्रू पिळता पिळता म्हणालो, आईला पुरेल. मधलं दार उघडं होतं.

तिला तो पुरला नाही. डॉक्टरांनी चार महिने सांगितले होते, ती दोन वर्षं जगली. टीव्हीतले चेहरे आधी पिवळे झाले, मग काळपट, आणि शेवटचं वर्षभर ती अंधाऱ्या काचेकडे तोंड करून नुसता आवाज ऐकायची. माझ्या दुकानात चांगले संच पडलेले होते. दर महिन्याला मनात यायचं की बदलून टाकावा आणि दर महिन्याला वाटायचं, आता कशाला. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही. मी त्याला समजूतदारपणा म्हणायचो.

ती गेली त्या सकाळी तिने मला आग्रह करकरून दुकानात पाठवलं. आज बरं वाटतंय, म्हणाली, गिऱ्हाइकं खोळंबतील. मी शीळ घालत गेलो. दुपारी शेजारीण सांगायला आली. इतकी वर्षं मी चारचौघांत सांगत आलो की जातानाही तिला माझ्या धंद्याची काळजी होती. तिला त्या सकाळी सगळं कळलं होतं आणि मी तिला जवळ नको होतो, हे समजायला मला तुझा टीव्ही घरी यावा लागला.

आता मुद्द्याचं. तुला मोठी रजा एकदाच मिळणार, म्हणून डॉक्टरांकडून पक्का अंदाज घे, असा तू ताईच्या मागे धोशा लावलास. तिने घेतला. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना याच आठवड्यात बोलवा. रविवारी ताईने तुला सांगितलं ना, की रिपोर्ट सुधारले, वर्षभर तरी काळजी नाही? ते वाक्य मी तिच्याकडून तीनदा म्हणवून पाठ करून घेतलं होतं. ती रडली, पण मी आईची शपथ घातली. तू खूश होऊन म्हणालास, मग मुलांच्या सुट्टीतच येतो सगळे. तुझा आवाज इतका मोकळा मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मला तो ऐकताना फार आनंद झाला. हे पाकीट ताई सगळं उरकल्यावर टपालात टाकेल. तेव्हा धावपळ करू नकोस. रजा वाचली आहे, ती मुलांबरोबर घालव. टीव्ही मात्र तुझ्यासाठी ठेवायला सांगितला आहे. वॉरंटी संपली, कोपऱ्यात डागही आहे, पण चालतो अजून. तुला पुरेल.

तुझाच,
बाबा