पिवळ्या लोकरीची कुंची

३ नोव्हेंबर १९५७, रविवार

यंत्र आलं! टांग्यातून, गोणपाटात गुंडाळून. महिला मंडळाला कुणा दानशूराने विणकामाचं मशीन दिलं आणि गेले कित्येक महिने ते धूळ खात पडलं होतं, कारण चालवता कुणालाच येत नाही. मंडळाच्या चिटणीस हेमाताई स्वतः टांग्यात बसून आल्या. "अण्णा, तुम्ही बांधकाम खात्यात जन्मभर नकाशे काढलेत. तुम्हाला उमगेल." नकाशे पुलांचे काढले, हे मी बोललो नाही. हात शिवशिवत होते.

अक्का दारात उभी. थोरली बहीण. माझ्या सुमतीची आई गेल्यापासून हे घर तिच्या शब्दावर चालतं. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," म्हणाली. मी म्हटलं, अगं, घोडा चंदी तरी मागतो, हे काहीच खात नाही. "जागा खातं," म्हणाली आणि आत गेली.

५ नोव्हेंबर

दिवसभर फक्त पाहत बसलो. लांब पट्टी, तिच्यावर सुयांची रांग. प्रत्येक सुईच्या टोकाला आकडा आणि आकड्याला इवलीशी जिभली. पट्टीवरची सरकती गाडी फिरवली की सुई पुढे येते, नवी लोकर आकड्यात घेते, मागे हटते. मागे हटताना जुना टाका घसरत येतो, जिभली मिटवतो आणि वरून निसटून जातो. म्हणजे ज्याला बाहेर पडायचं तोच जाताना दार लावून जातो! हे कुणाच्या डोक्यात आलं असेल? बाई असेल की बाप्या? जेवण दोनदा गार झालं.

अक्का: "रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी."

७ नोव्हेंबर

हातभर विणलं — आणि सगळं एकदम जमिनीवर. एक टाका शिल्लक नाही. अक्का हसली. दिवाळीतसुद्धा एवढी हसली नव्हती.

८ नोव्हेंबर

कारण सापडलं. विणलेल्या तुकड्याला खालून वजन हवं, नाहीतर टाके उड्या मारतात. देवघरातली घंटा टांगली. प्रत्येक ओळीला आरती! अक्काने घंटा काढून नेली. आता खलबत्त्यातला बत्ता टांगला आहे. उत्तम चालतं.

१० नोव्हेंबर, रविवार

सुमती आली. जावई ठाण्याहून पोचवून गेले. पहिलं बाळंतपण, माहेरी. दिवस भरायला अजून दोन महिने असतील. चेहरा भरला आहे. मशीन दाखवलं. लहानपणी माझ्या मांडीवर बसून कंपासपेटी उसकटणारी पोर ही! "छान आहे" म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली.

संध्याकाळी जवळ आली. "अण्णा, आईचं वय तेवीसच होतं ना?"

हो म्हटलं.

"मलाही यंदा तेवीस पुरी झाली."

 पाठीवर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

११ नोव्हेंबर

पोटातल्या बाळासाठी आधीपासून नवं काही करू नये, जुनेरं धुऊन ठेवावीत — ही रीत सगळीकडेच असते. आमच्या घरात ती नुसती रीत उरली नाही. सुमती तीन वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन दुसऱ्या बाळंतपणाला खडवलीला माहेरी गेली. मी तेव्हा नोकरीवर बेळगावकडे. मार्गशीर्षात तार आली. आई गेली, मूलही गेलं. अक्का सोबतीला तिथेच होती. बाळंतिणीच्या उशाशी तिला सुयांवर चढवलेली अर्धवट कुंची सापडली. "बाळ पोटात, आणि ही पोर कुंची विणायला बसली! ऐकलं नाही कुणाचं. ओढवून घेतलं." हेच वाक्य मी वीस वर्षं ऐकतो आहे. सुमतीही ऐकतच वाढली. अक्काने मायेने वाढवलं, त्यात काडीची कसूर नाही. पण हे वाक्यही वरणभाताबरोबर भरवलं.

आता सुमती जुनेरंसुद्धा पेटीतून काढू देत नाही. एक दुपटं नाही, एक झबलं नाही. मी पाळण्याच्या कड्यांना तेल घातलं तर रडली. रात्री दचकून उठते, असं अक्का सांगते. बाळंतपणात भ्यालेली बाई — मला फार काळजी वाटते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या सगळं ठीक आहे. भीती काही त्यांच्या नळीतून ऐकू येत नाही.

१४ नोव्हेंबर

हेमाताईंना प्रदर्शनासाठी नमुना हवा. "मफलर सगळेच करतात हो. लहान मुलाची कुंची करा ना!"

अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. "या घरात नाही." मी म्हटलं, मंडळाची आहे, मंडळात जाईल. "मंडळाची असली तरी विणली जाणार या छपराखाली." सुमती मान चोळत बसली होती.

मान चोळायची तिची सवय जुनी. आईचा विषय निघाला की हात मानेवर. आज विचारलं, हे काय गं? म्हणाली, "आईची तेवढीच आठवण आहे मला. चेहरा आठवत नाही. मानेला मागून काहीतरी टोचतंय आणि ती म्हणते आहे — हलू नकोस."

काय टोचत असेल? विंचरताना फणी? पण फणी डोक्याला टोचेल, मानेला कशी? तिलाही माहीत नाही.

१६ नोव्हेंबर

शेवटी सुमतीच म्हणाली, "करा अण्णा. मंडळाचीच आहे ना." परवानगी मिळाली, पण आवाज असा की त्यापेक्षा नाही म्हणाली असती तर बरं.

आता अडचण. कपड्याची कुंची मला माहीत आहे, लोकरीची डोक्यावर वळते कशी? मागचा गोलवा कुठून येतो? डोंबिवलीत कुणाला विचारू? आणि उत्तर घरातच आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत.

१७ नोव्हेंबर, रविवार

अक्का कीर्तनाला गेल्यावर ट्रंक उघडली. सुमती शेजारी.

गाठोडं वीस वर्षं कुणी सोडलं नव्हतं. गाठ सुटेना, दातांनी सोडवली. आत डांबराच्या गोळ्यांचा भुगा, पिवळ्या लोकरीचा एक गुंडा आणि सुयांवरची कुंची — नुसता डोक्याचा भाग, खालचा घोळ धरलाच नव्हता. कडा आत वळलेल्या, टाके सुईवर दाटीने गोळा झालेले. सगळं मिळून माझ्या मुठीएवढं. काय सुबक टाका! एकही सैल नाही. मी कधी तिचं विणकाम निरखून पाहिलं नव्हतं. घरात बायका विणतात, तशी तीही विणते, एवढंच ठाऊक.

गोलवा कसा वळवला ते पाहायला चार ओळी उसवाव्या लागतील असं म्हणालो. सुमतीने माझा हात धरला. "नको. उसवू नका."

नाही उसवलं.

१९ नोव्हेंबर

भिंग घेऊन टाके मोजतो आहे. चौकटीच्या कागदावर एका टाक्याला एक घर. कागद भरत चालला तशी तिची युक्ती उलगडते. टाक्यांचे तीन भाग करून मधला तेवढा पुढे विणत न्यायचा आणि दोन्ही बाजूंचे टाके एकेक करून त्यात मिसळायचे. मोज्याची टाच वळवतात तसंच! हे तिला कुणी शिकवलं? खडवलीत? विचारायला वीस वर्षं उशीर झाला.

अक्काला कळलं आहे. ताट वाढते आणि निघून जाते.

२३ नोव्हेंबर

डोक्याचा भाग झाला! मंडळाच्या लाल लोकरीचा. ओला फडका ठेवून इस्त्री फिरवली, कडा सपाट झाल्या — आणि पाहतो तर काय, हे टोपडं आहे की पोतं? तान्ह्या बाळाचं डोकं नारळाएवढं. नारळावर घालून पाहिलं. नारळ बुडाला.

बत्त्याचं वजन जास्त झालं असणार. ताणलं गेलं.

२६ नोव्हेंबर

बत्ता काढून अडकित्ता टांगला. पुन्हा विणलं. तेवढंच मोठं!

गाडीचा स्क्रू आवळला. पुन्हा. तसंच.

माझे पूल कधी एवढे चुकले नव्हते.

२७ नोव्हेंबर

पट्टी लावून तिचे दहा टाके मोजले, मग माझे दहा. तंतोतंत. म्हणजे मशीन खोटं बोलत नाही, माझी मोजणीही बरोबर. मग मोठी का? का? का?

सुमतीने आज दुपारी नकळत विचारलं, "अजून मोठीच येते का?" एवढ्या दिवसांत आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट. उत्तर मिळो न मिळो, मला बरं वाटलं.

३० नोव्हेंबर

मोठी तर मोठी. त्याच हिशेबाने खालचा घोळ विणून टाकला, नाडी ओवली, मागची शिवण अक्काच्या डब्यातल्या सुईने घातली. अक्काने सुई शोधली आणि माझ्याकडे पाहिलं. हेमाताईंना उद्या सांगेन — नमुना फसला.

१ डिसेंबर, रविवार

दुपारी तुळसा आली, आमची घरमालकीण. इथली सगळी भातजमीन हिच्या सासऱ्याची होती, आता त्यात आम्हा भाडेकरूंची बिऱ्हाडं पिकतात. कडेवर धाकटी गोदा. गोदाने लाल कुंची पाहिली, कडेवरून उतरली, डोक्यात घातली आणि नाडी धरून उभी राहिली. काढायला तयार नाही!

"बगा, माजे पोरीला बराबर झाली," तुळसा म्हणाली. "माप कवा घेतलाव अण्णा?"

माप कुणाचंच घेतलं नव्हतं. पण कपाळावर नीट, कानांवर नीट, मानेशी नीट. बेतून केल्यासारखी. मी विचारलं, गोदा केवढी गं?

"तीन भरली ना गनपतीत."

मी गोदाकडे पाहतच राहिलो. तुळसा म्हणाली, काय झाला अण्णा, बरा नाय वाटत काय?

तीन वर्षांची.

२ डिसेंबर

सकाळी अक्काला आणि सुमतीला बोलावलं. दोघींच्या समोर जुन्या कुंचीचे टाके सुईवरून दोऱ्यावर उतरवले.  सुई निघाली तशी वीस वर्षं दाटीने बसलेली लोकर हळूहळू पसरली. ओल्या फडक्याने कडा उलगडल्या. गोदाच्या आईकडून लाल कुंची मागून आणली होती, तिच्या डोक्याच्या भागावर ही पिवळी ठेवली. बोटभराचाही फरक नाही.

"अक्का, ही तान्ह्याची नाही. तान्ह्याची कधीच नव्हती. ही तीन वर्षांच्या मुलाची आहे. थंडी पडली होती खडवलीला. घरात तीन वर्षांचं मूल एकच होतं."

अक्का बराच वेळ लोकरीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी सोडून पाहिलं नव्हतं रे. सुया पाहिल्या आणि तशीच गाठ मारली."

मला तिचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण तिचा चेहरा पाहवेना. आणि खरं सांगायचं तर त्या बिचारीची — सुमतीच्या आईची — इतकी आठवण आली की मी उठून अंगणात गेलो आणि रडलो. काही ओढवून घेतलं नव्हतं तिने. लेकीला थंडी वाजू नये म्हणून विणत होती, बास.

सुमती पिवळी कुंची घेऊन आत गेली. जेवली नाही.

३ डिसेंबर

सुमती आजही आतच. मी उगाच केलं का हे सगळं? मशीन पुसून ठेवलं.

४ डिसेंबर

सकाळी सुमती येऊन माझ्यापुढे पाठमोरी बसली. पिवळी कुंची जुन्या सुयांवर पुन्हा चढवलेली, टाका न् टाका. "माझ्या डोक्याला लावा." लावली. सुईचं टोक मानेला टेकलं आणि ती शहारली. "हेच, अण्णा! हेच टोचायचं. आई माझं माप घेत होती." हसत होती, रडत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "आता अशीच एक लहान करा. अगदी तान्ह्याची. आजच."

अक्का समोर बसली आहे. गाठोड्यातल्या उरलेल्या पिवळ्या लोकरीची लड तिने दोन्ही हातांवर धरली आहे, आणि मी लिहीत बसलो म्हणून ओरडते आहे.